चौथा रकाना

दोनदा टकटक झाली आणि गादीवाल्याने हातातलं दाभण खाली ठेवलं.

"आलो गं बाई, आलो," म्हणत तो उठला. खोलीच्या मधोमध फरशीवर रजईची वळकटी पडली होती आणि तिच्या एका टोकाला त्याच्या मुलीचं डोकं बाहेर होतं. हनुवटीपाशी मोकळ्या राहिलेल्या बोटांनी तिने फरशीवर पुन्हा दोनदा वाजवलं. त्याने रजईची कड धरून ओढली, वळकटी भराभर उलगडली आणि मुलगी गडगडत भिंतीपाशी जाऊन थांबली. सकाळभर जी पोर भिंतींवर आदळत होती, पायातले मोजे ओरबाडून फेकत होती, ती आता निवांत छताकडे बघत होती. गादीवाल्याने खिळ्याला टांगलेली वही काढली आणि त्या दिवसाच्या ओळीत चारही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. चौथ्या रकान्यावर लिहिलं होतं : मूल स्वतःहून बाहेर आलं का?

मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण आपल्याहून जड वस्तू ओढत न्यायचा तिला भारी सोस. वय सात. बोलणं जवळजवळ नाही. मोज्याची शिवण तिला टोचायची, मिक्सर लागला की कान दाबून ती टेबलाखाली शिरायची आणि फार झालं की कपाट आणि भिंत यांच्यातल्या फटीत स्वतःला कोंबून उभी राहायची. दाब मिळाला की ती शांत होते, हे कुणा तज्ज्ञाच्या आधी गादीवाल्याला कळलं होतं. तीन वर्षांची असताना ती एका तयार गादीखाली शिरून गाढ झोपली होती. 'माझ्याच धंद्याची पोर आहे,' असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

मुंगीची आई दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. गादीवाल्याचं काम घरातच चालायचं, पुढच्या खोलीत पिंजायचं मशीन, मागच्या खोलीत तयार माल. त्यामुळे थेरपीच्या मॅडमनी घरी करायला दिलेले व्यायाम आपसूक त्याच्या गळ्यात आले, आणि खरं सांगायचं तर ते त्याला मनापासून आवडायचे. कापसाचं पोतं ढकलत न्यायचं, भिंतीला तळहात टेकून जोर लावायचा, धान्याच्या परातीत हात घालून बटणं शोधायची आणि शेवटी रजईची वळकटी. वळकटीच्या बाबतीत मॅडम फार काटेकोर होत्या. चेहरा आणि मान बाहेर, मोठं माणूस त्याच खोलीत, आणि बाहेर मात्र तिचं तिनेच यायचं. दाब मिळणं जेवढं गरजेचं, तेवढंच त्यातून सुटता येणंही गरजेचं, हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मुंगी आत अडकून कण्हली आणि गादीवाल्याचा जीव कासावीस झाला. त्याने रजई उलगडली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने तिची बोटं धरून फरशीवर दोनदा वाजवली आणि सांगितलं, असं केलंस की बाबा येणार. चौथ्या दिवशी तिने स्वतः वाजवलं.

आता या बापाला काय बोलायचं? सात वर्षांत त्या मुलीने त्याला हाक मारली नव्हती. नाव घेतलं तर वळून बघत नव्हती, उचललं तर अंग आखडून घ्यायची. आणि तीच पोर आता रोज सकाळी त्याला बोलावत होती. त्या टकटकीसाठी त्याने भर गिऱ्हाइकीत काम टाकलं असतं. मॅडमना सांगितलं तर त्या हे बंद करायला लावतील, याची त्याला खात्री होती. म्हणून चौथ्या रकान्यात तो बिनदिक्कत खूण करत गेला.

चाळीस दिवसांनी मॅडमनी वही पाहिली आणि खूश झाल्या. त्यांनी आणखी जड रजई दिली. आता आत जायचं कधी हेही तिलाच ठरवू द्या, म्हणाल्या. तुम्ही खोलीत असा, पण हात लावू नका. गादीवाल्याने मान डोलावली.

तेव्हापासून घरात एक विचित्र शांतता आली. मुंगी मनाला येईल तेव्हा कशाखाली तरी शिरायची आणि हातपाय सैल सोडून पडून राहायची. एकदा ती सोफ्याच्या उशांखाली सापडली, एकदा ढिगातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गादीच्या मध्ये. आत जायला ती छान शिकली होती. तिच्या आईला ते बघवत नव्हतं.

"पाय पण हलवत नाही हो ती," एका संध्याकाळी ती म्हणाली. "पार्सलसारखी पडून राहते. नुसती तुमची वाट बघते."

"मग, जातोच ना मी."

"आणि ऐकू नाही आलं तर?"

गादीवाला हसला. आपले कान सशापेक्षा तिखट आहेत, असं काहीतरी म्हणाला. ती हसली नाही. उठून रात्रीची भांडी घासायला गेली.

पुढच्या आठवड्यात एका वसतिगृहाची गाद्यांची ऑर्डर होती. मागच्या खोलीत बारा तयार गाद्या भिंतीला उभ्या टेकवलेल्या होत्या. दुपारी गादीवाल्याने पिंजायचं मशीन लावलं. मशीनचा आवाज मुंगीला सोसत नसे, ती कानांवर हात ठेवून मागे निघून गेली. हे रोजचंच होतं. तासाभराने चहा ठेवायला म्हणून त्याने मशीन बंद केलं.

घर अगदी गप्प होतं. त्याने हाक मारली, तिला त्याचा उपयोग नाही हे ठाऊक असूनही. कपाटाची फट पाहिली, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेलीच होती. मग तो मागच्या खोलीत गेला. उभ्या गाद्या उभ्या नव्हत्या. बारापैकी नऊ सरकून एकमेकींवर पडल्या होत्या.

तो गुडघ्यांवर बसला आणि ढिगाला कान लावला. काहीच आलं नाही. कापूस आवाज गिळतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? घराशेजारी गोंगाट असणाऱ्या गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगायचा, एक गादी भिंतीला उभी करा आणि बघा.

एकेक गादी त्याने मागे भिरकावली. सातवी उचलताना पाठीत कळ आली. नववीच्या खाली मुंगी होती. तोंड भिंतीकडे वळलेलं, भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यात जेवढी हवा होती तेवढ्यावर ती श्वास घेत होती. ओठ निळे पडले होते. उजवा हात फरशीवर होता आणि बोटं अजून हलत होती. दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. बोटांची सालटी निघाली होती.

तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर ढीग संपत होता. पाय झाडून ती मागे सरकली असती तर मोकळी झाली असती. ती सरकली नव्हती. तिला कोणी तसं शिकवलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फुप्फुसं ठीक आहेत, नशीब म्हणा. घरी आल्यावर मुंगीच्या आईने खिळ्यावरची वही काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन तो मॅडमसमोर बसला. मॅडमनी पानं उलटली.

"यातल्या किती खऱ्या?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या रकान्यात एकही नाही."

"मी या खुणांवर भरवसा ठेवला."

गादीवाल्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही टकटक आता बंद होणार याचं दुःख होतं, याची त्याला आणखी लाज वाटत होती.

अठरा दिवस मुंगी रजईच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. एकोणिसाव्या दिवशी तिने ती आपणच ओढत आणली. पहिलीच, हलकी. गादीवाल्याने तिला गुंडाळलं, मान मोकळी आहे ना ते दोनदा पाहिलं आणि तिच्यापासून चार हातांवर बसला. स्वतःचे दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घातले. मॅडम त्या दिवशी घरी आल्या होत्या, त्या दाराशी उभ्या होत्या.

थोड्या वेळाने टकटक झाली.

तो हलला नाही. पुन्हा दोनदा झाली. मग जरा जोरात. मुंगीने मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. बघत बघत तिने आणखी दोनदा वाजवलं. गादीवाल्याच्या हातांना मुंग्या आल्या, पण ते त्याने बाहेर काढले नाहीत. "लोळ, बाळा," तो कसाबसा म्हणाला. "तुझी तू लोळ."

बोटं थांबली. खोलीत बराच वेळ काहीच झालं नाही. मग रजई एका बाजूला कलली, परत आली, पुन्हा कलली. एक खांदा सुटला, मग गुडघा. मुंगी उलगडत भिंतीपर्यंत गेली, उठून उभी राहिली, आणि बापाच्या अंगावरून जाऊन खिडकीशी थांबली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

वहीत त्या दिवशी चौथी खूण खरी झाली. त्यानंतरच्याही सगळ्या खऱ्याच आहेत. मुंगी आता कशातही शिरते आणि आपली आपण बाहेर येते, टकटक मात्र तिने पुन्हा कधी केली नाही. गादीवाला अजूनही काम करता करता मध्येच दाभण खाली ठेवतो आणि जरा वेळ थांबतो. मग पुन्हा टाके घालायला लागतो.