गारव्याच्या नावाखाली

मी बोलतोय एका हँडबॅगेच्या चोरकप्प्यातून. शेजारी एक मोडका कंगवा आहे आणि चुरगळलेला रुमाल. मी मनगटपट्टा. अंगाने राखाडी, पुढे निळा दिवा, पाठीला धातूची गोल चकती. दिसतो घड्याळासारखा, पण वेळ सांगणं माझं काम नव्हतं. माझं काम गारवा देणं. निदान मला तसंच सांगितलं होतं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला जाळी बांधलेल्या बायका आम्हाला जोडत होत्या. पांढऱ्या कोटातला एक जण त्यांना समजावत होता, "पाळी जायच्या वयात बायकांना अंगातून एकदम गरमीची लाट येते. तेव्हा हे बटण दाबायचं. मनगट गार झालं की लाट ओसरते का, ते या अभ्यासात बघायचंय." ऐकून माझी छाती फुगली. पुढे त्याने आमच्यातले काही डाव्या खोक्यात ठेवायला सांगितले, काही उजव्या. मी डाव्या खोक्यात गेलो. मला वाटलं, जागेची सोय असेल.

मग मी एका संशोधन केंद्रात आलो. तिथे मला हातात घेतलं ते चिऊने. चिऊ म्हणजे तिथली नर्स. चाळिशी ओलांडली तरी घरात तिचं नाव चिऊच. तिच्यासमोरच्या खुर्चीत तिची वहिनी बसली होती, हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत.

"वहिनी, आधीच सांगते," चिऊ म्हणाली. "यातले काही पट्टे खरे आहेत, काही नुसते दिसायला. तुलना करायची तर तसं करावंच लागतं. कुणाला कुठला आलाय ते आत्ता मलाही माहीत नाही. पण अभ्यास संपला की प्रत्येकीला सांगणार. खोटा निघाला तर खरा मिळणार."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"मी आहे ना इथे!"

वहिनी हसली आणि मनगट पुढे केलं. "बांध बाई. तुझ्यावर नाही ठेवायचा विश्वास, तर ठेवायचा कुणावर?"

माझी धातूची पाठ तिच्या तापलेल्या कातडीला टेकली. तिने डोळे मिटले. "अगं, गार लागतंय!" त्या क्षणी मी तिचा झालो.

वहिनीचा धंदा गाडी शिकवण्याचा. गाडी तिची स्वतःची, दोन ब्रेकची. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या. निम्मं गाव तिच्या ओरडण्याखाली गिअर टाकायला शिकलं होतं. पण गेलं वर्षभर तिची पार दैना झाली होती. कडाक्याच्या थंडीत ती गाडीच्या काचा खाली करायची आणि शेजारी मफलर गुंडाळलेला शिकाऊ कुडकुडत बसायचा. झोप नाही, गुडघे धरलेले, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो बिचारा म्हणायचा, "अगं, मी काय बोललो?" आणि ती म्हणायची, "काही बोलला नाहीस, तेच!"

सगळ्यात जास्त तिला भीती वाटायची ती शब्द हरवण्याची. एकदा भर चौकात लाट आली. कानशिलं तापली, पाठीवरून घामाचे ओघळ सुटले. गाडी चालवत होते एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि समोरून ट्रक. वहिनीला ‘ब्रेक’ हा शब्दच आठवेना. "अहो, ते! ते खालचं! ते दाबा ना!" असं ओरडत शेवटी तिने स्वतःच्याच पायाखालचा दाबला. ट्रक निघून गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शब्द आठवला नाही म्हणून मी पोरांना बाकावर उभं करायचो. आज चूक कळली." दोघंही हसले. वहिनी घरी येऊन रडली.

म्हणून ती अभ्यासात आली होती. आणि काय सांगू, मी बांधला गेल्यापासून चक्रं फिरली. लाट आली की ती बटण दाबायची. माझा निळा दिवा लागायचा, पोटात बारीक गुणगुण सुरू व्हायची. ती खांदे सैल सोडायची, लांब श्वास घ्यायची. लाट यायची आणि जायची. ती झोपू लागली. गाडीच्या काचा वर गेल्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्यांचा पर्याय सांगितला होता, तोही तिने बाजूला ठेवला. "माझा पट्टा आहे ना," असं ती ज्याला त्याला मनगट दाखवून सांगायची. माझ्याइतका सुखी जीव त्या गावात दुसरा नसेल.

कंपनीची माणसं फोटो काढायला आली. कुणाच्या हातावर खरा पट्टा आणि कुणाच्या हातावर खोटा, ते तेव्हा अजून कुणालाच माहीत नव्हतं. वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली, मी अगदी पुढे. चिऊने आरसा धरून तिचे केस नीट केले. "माझं आयुष्य मला परत मिळालं, असं लिहा," वहिनी म्हणाली. मनापासून म्हणाली.

अभ्यास संपला. पट्टा वापरत राहा, निकाल लागला की कळवू, असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. दिवस गेले. कळवायला कुणी आलं नाही, आणि वहिनीनेही विचारलं नाही. तिला विचारायची गरजच वाटत नव्हती.

मग लाटा परतल्या. आधी चोरपावलांनी, मग दार फोडून. ती बटण दाबायची, मी दिवा लावायचो, गुणगुणायचो, जीव ओतून गुणगुणायचो. काही होत नव्हतं. तिने चिऊला घरी बोलावलं.

"चिऊ, हल्ली गुण येत नाही गं."

चिऊ चहाच्या कपाकडे बघत होती. "नियमित घालतेस ना?"

"अंघोळ सोडली तर काढतच नाही."

"मन शांत ठेव वहिनी. जास्त विचार करतेस तू."

तेव्हापासून वहिनी स्वतःलाच दोष देऊ लागली. पट्टा चांगला, कंपनी चांगली, डॉक्टर चांगले, मग खोट माझ्यातच. तिने संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या. एके दिवशी नवऱ्याला म्हणाली, "गाडी विकून टाकू या. कुणाचा तरी जीव घ्यायची मी." तो चष्मा पुसत बसला. आणि मी? मला वाटलं, मीच म्हातारा झालो. आम्ही दोघंही एकमेकांपुढे शरमिंदे होतो.

अशातच माझा दिवा बंद पडला. लाटा परतायच्या आधीच कंपनीने बाजारात दुकान थाटलं होतं. वहिनी मला घेऊन पहिल्यांदाच तिथे गेली. आत शिरली आणि थबकली. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत तिचाच फोटो. स्टिअरिंग, हसू, मनगटावर मी. खाली मोठ्या अक्षरात तिचंच वाक्य.

दुरुस्ती करणारी बाई कौतुकाने म्हणाली, "अय्या, तुम्हीच ना त्या?" आणि तिने माझी पाठ उघडली. उघडून बघतच राहिली. मग दुसरा एक पट्टा उघडून शेजारी ठेवला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"बाई, यात गार करणारा भागच नाहीये. दिवा आहे, आवाज करणारी मोटर आहे. बाकी पोकळ. हा अभ्यासातला खोटा पट्टा दिसतोय."

मी पहिल्यांदा माझं पोट उजेडात पाहिलं. शेजारच्या भावाच्या पोटात तारा, पत्रे, चकत्या गच्च भरलेल्या. माझ्या पोटात हवा. इतके दिवस जो गारवा मी माझा समजत होतो, तो नुसत्या धातूचा होता. चमचा मनगटाला लावला असता तरी तितका मिळाला असता.

वहिनी आपल्याच फोटोखाली उभी होती. तिने एकच विचारलं, "खोटा कुणाकडे होता ते केंद्राला कधी कळलं असेल हो?"

"ते तर केव्हाच. दुकान उघडायच्या आधीच. निकाल लागल्याशिवाय विक्री कशी सुरू होणार?"

दुकान उघडायच्या आधी. म्हणजे चहाच्या त्या कपाच्याही आधी.

ती तडक केंद्रात गेली. मला चिऊच्या टेबलावर ठेवलं, उघड्या पोटाने. चिऊचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी सांगणारच होते. बाकी सगळ्यांना फोन केले मी. तुझ्या वेळी साहेब म्हणाले, त्यांचा फोटो सगळीकडे लागलाय, जरा थांबू. आणि तू इतकी खूश होतीस. म्हटलं, गुण येतोय तर मोडता कशाला घालायचा?"

"आणि गुण गेला तेव्हा?"

चिऊने मला उलटं करून माझं पोट झाकलं.

"खोटा पट्टा आला, त्याचं मला काही नाही. ते तू आधी सांगितलं होतंस, मी कबूल केलं होतं. पण मी तुला घरी बोलावून विचारलं तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू मला म्हणालीस, मन शांत ठेव."

"वहिनी, नोकरीचा प्रश्न होता गं..."

"तुझी पहिली पाळी आली तेव्हा तू कपाटामागे लपून रडत होतीस. काहीतरी भयंकर झालंय, आपण मरणार, असं वाटत होतं तुला. तुझी आई नव्हती. तेव्हा मीही म्हणू शकले असते, मन शांत ठेव. मी तुला समोर बसवून सगळं खरं सांगितलं होतं, चिऊ."

चिऊ रडू लागली. वहिनी रडली नाही. जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा तुमचा. ठेवून घ्या."

माझ्याकडे एकदा वळूनही पाहिलं नाही तिने. तिचं काही चुकलं नाही. मीही तिच्या मनगटावर बसून रोज खोटंच बोललो. मला माहीत नव्हतं, हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

पुढचं मला चिऊच्या बॅगेतून ऐकू आलं, कारण तिने मला ना कचऱ्यात टाकलं, ना कपाटात ठेवलं. वहिनीने फोटो उतरवायला सांगितला. दुकानाचा मॅनेजर म्हणाला, तुमची परवानगी आहे आमच्याकडे. मग ती रोज शिकवणीच्या आधी दुकानाच्या दारात उभी राहू लागली. येणाऱ्या बाईला म्हणायची, "त्या फोटोतली मी. माझा पट्टा पोकळ होता. पट्टा घ्यायचा तर घ्या, पण माझ्या हसण्यावर भुलून घेऊ नका." शेवटी फोटो उतरला. त्या जागी दुसरी बाई आली. हसणारी.

वहिनी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासून औषध दिलं, त्याने काय होईल आणि काय होणार नाही तेही स्पष्ट सांगितलं. लाटा कमी झाल्या, संपल्या नाहीत. गाडी विकली नाही. मात्र चिऊ भावाकडे गेली की वहिनी दार उघडते, पाणी देते, हवापाण्याच्या गप्पा मारते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. भांडण झालं असतं तर बरं, असं चिऊ एकदा भावाला म्हणाली.

काल केंद्रात बैठक होती. चिऊ बोलता बोलता थांबली. मला बॅगेतूनही कळलं. तो श्वास माझ्या ओळखीचा. ती बाहेर आली, जिन्यात बसली, मानेवरचा घाम पुसला. बॅगेत हात घालून फोन काढला आणि वहिनीला लावला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद पडली. मग पुन्हा हात आत आला आणि मी बाहेर निघालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पोकळ आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिने मला मनगटावर बांधलं आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. मी आवाजही केला नाही. शेवटी तिने मला काढून पुन्हा चोरकप्प्यात ठेवलं.

चिऊ, माझा नाद सोड. माझ्याजवळ तुला द्यायला काही नाही, तेव्हाही नव्हतं. फोन उचलला जात नसेल तर त्या घराच्या पायरीवर जाऊन बस. वहिनी गाडी लावून येईल तेव्हा मन शांत ठेवू नकोस. घाम फुटला असेल तर फुटू दे, आणि तिच्या तोंडाकडे बघून बोल. दार पूर्ण उघडेल का, मला सांगता येत नाही. फक्त जाताना मला हातावर बांधू नकोस. तिने मला पुन्हा पाहावं, एवढी माझी हिंमत नाही.