तरीचा धक्का

माझ्या सासूबाई पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायच्या. अर्ध्या शहराला आईने पाण्यात ढकललंय असं माझा नवरा म्हणतो, आणि त्यात फारसं खोटं नाही. निवृत्त झाल्यावरही त्या रोज सकाळी नदीवर जायच्या.

त्या वर्षी पालिकेने नदीकाठच्या जुन्या जागांवर माहितीफलक लावायला घेतले. जकातघर, दगडी पूल, पहिला छापखाना, सगळीकडे फलक लागले. घोडं अडलं ते तरीच्या धक्क्यापाशी. पूल होण्याआधी लोक नावेतून जिथे उतरायचे, ती जागा नेमकी कुठली? खाली बंधारा झाल्यापासून पाणी चढलेलं, जुन्या पायऱ्या कधीच बुडाल्या होत्या.

"गिरणीपाशी," सासूबाई ठासून सांगायच्या. "माझे पणजोबा नाव चालवायचे. लहानपणापासून घरात हेच ऐकत आलेय."

गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांच्या बाजूने. इतिहासाचे निवृत्त मास्तर मात्र धक्का पुलापाशीच होता म्हणून अडून बसलेले. बैठकीत ही दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देतील तर शपथ.

शेवटी फलकांचं काम बघणाऱ्या बाई वैतागल्या. "पाणबुडे बोलवायला मंजुरी नाही. पुरावा मिळेपर्यंत हा फलक लावायचा नाही."

"पुरावा पाण्यातच आहे ना? मग मी बघते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वय काय तुझं?" नवरा घरी आल्यावर ओरडला.

"वय काठावर ठेवून उतरते."

रविवारी सकाळी नाव निघाली. वल्ही माझ्या हातात. मास्तर जीवरक्षक जाकीट घालून, दोन्ही कडा घट्ट धरून बसलेले. काठावर गल्लीतली मंडळी चहाचे पेले घेऊन उभी.

गिरणीपाशी सासूबाईंनी बुड्यांवर बुड्या मारल्या. गाळ, एक टायर, फुटकी बादली. बाकी काही नाही.

"जरा पुलाकडे बघायचं का?" मास्तरांनी हळूच विचारलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि मला मानेनेच खूण केली.

तिथली पहिली बुडी वाया गेली. दुसऱ्या वेळी त्या इतका वेळ वर आल्या नाहीत की मी वल्ही सोडून पाण्यात वाकून पाहू लागले. आल्या तेव्हा नावेची कड धरून नुसत्या श्वास घेत राहिल्या.

"काही नाही ना तिकडे, काकू?" काठावरून इस्त्रीवाला ओरडला.

खाली काय आहे ते फक्त त्यांच्या हातांना ठाऊक होतं. नुसती मान हलवली असती तरी विषय तिथेच मिटला असता.

त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं आणि काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पायऱ्या आहेत. शेजारी नाव बांधायचं लोखंडी कडं आहे, दोराने एका अंगाला झिजलेलं. धक्का इथेच होता. इतकी वर्षं मी चुकीचं सांगत आले."

मास्तर जिंकल्यासारखे वागतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "थकला असाल. वर या आता."

पुढच्या आठवड्यात सासूबाई फलकवाल्या बाईंचा पाण्यात चालणारा कॅमेरा घेऊन पुन्हा उतरल्या आणि कड्याचे फोटो काढून आणले.

गल्ली मात्र रुसली. "काकू, गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?" इस्त्रीवाल्याने दारात उभं राहून विचारलं.

"मला कळलं होतं ना," त्या म्हणाल्या. बरेच दिवस आमचे कपडे सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांनी कुरकुर केली नाही, चुरगळलेल्या कपड्यांत खुशाल बाजारात गेल्या. लग्न होऊन आले तेव्हा मी या बाईला जरा बिचकूनच होते. त्या दिवसांत मात्र, या माझ्या सासूबाई, असं मी समोर येईल त्याला सांगत सुटले.

फलक पुलापाशी लागला. कार्यक्रम आटोपून लोक पांगल्यावर आम्ही दोघी तिथल्याच बाकावर बसलो. आजवर त्या पणजोबांच्या जागेसाठी भांडल्या होत्या, माणसाबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. पणजोबा पूर असताना एका बाळंतिणीला पलीकडे घेऊन गेले होते, वल्हवताना बेसूर गायचे, आणि उतारू कंटाळून म्हणायचे, हवं तर दुप्पट घ्या पण गाणं थांबवा.

मी हसले, तशा त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "हेही ऐकीवच हं."