रविवारची घरं

"ओल आहे," बेसिनखालून आवाज आला.

नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते. उरलेला नवरा बेसिनखाली बॅटरी घेऊन, भिंतीला गाल लावून आडवा पडला होता. ती डब्याची पिशवी सांभाळत दारात उभी होती.

"कुठे आहे? मला तर कोरडी दिसतेय भिंत."

"आत्ता दिसणार नाही. पावसाळ्यात दिसेल."

"मग पावसाळ्यात बघू."

"तेव्हा बघून काय उपयोग? तेव्हा आपण इथंच राहत असू ना!"

"अरे, तेवढंच तर हवंय मला!"

बेसिनखालून भिंत ठोकल्याचा आवाज आला. घर दाखवायला आलेला दलाल घड्याळाकडे बघून खाकरला. तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे हेही घर गेलं.

नवरा प्लंबर होता आणि कामात चोख होता, यात वाद नव्हता. वाद होता तो सुट्टीच्या दिवशी. लोक घर बघायला जातात तेव्हा खिडक्या बघतात, शेजार बघतात, भाडं ऐकून तोंडं वाकडी करतात. हा घरात शिरला की आधी सगळे नळ सोडायचा. मग टाकी, मग मोरी, मग खिशातून पाना काढून बेसिनखाली गडप व्हायचा. एका घरात पाण्याला जोर नव्हता, दुसऱ्यात इतका होता की 'जोड टिकणार नाहीत'. तिसऱ्या घराच्या मालकाने हुशारी केली. त्याच्याकडून गळका नळ दुरुस्त करून घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि घर दुसऱ्याच जोडप्याला दिलं. त्या दिवशी परत येताना नवरा बराच खुशीत होता. तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. आठवडाभर परक्या माणसांना 'आ करा, अजून मोठा आ करा' म्हणायचं आणि घरी यायचं ते मिठाची गुळणी धरून बसलेल्या नवऱ्याकडे. बाहेर तो बोलायचा, घरात मुका. अर्थात घरात बोलायला तिलाही कुठे जागा होती? एक खोली आणि एक स्वयंपाकघर. लग्न झालं त्या दिवशी सासूबाईंनी पलंगावरची आपली गादी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि खोली या दोघांना दिली. मधे दार होतं, पण फुगलेलं. ते कधी पुरतं लागलंच नाही. सासूबाई समजूतदार. रात्री पाणी प्यायला उठायच्या आधी दोनदा खोकायच्या, म्हणजे यांना कळावं. त्या खोकल्यानेच तिचा जीव नकोसा व्हायचा. भांडायचं तर कुजबुजत, हसायचं तर उशीत तोंड खुपसून. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवऱ्याला एकदाही ती खणखणीत ओरडली नव्हती. हे काय लग्न म्हणायचं?

म्हणून घर शोधायचं ठरलं. मात्र नवऱ्याची एक अट होती: घर मिळेपर्यंत आईला सांगायचं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? तिला पटलं नव्हतं, पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणून ती हो म्हणाली. त्या दिवसापासून दर रविवारी दोघं 'सहलीला' जाऊ लागली.

सासूबाईंना या सहलींचं कोण कौतुक! त्या पाळणाघरात कामाला होत्या. आठवडाभर तीसएक पोरांची रडारड ऐकून त्यांना रविवारी खरं तर झोपायला हवं होतं. पण त्या उठायच्या, अंडी उकडायच्या, बटाटे परतायच्या आणि डबा हातात द्यायच्या. "जा रे, हिंडून या. हेच दिवस आहेत." तो डबा मग कुठल्यातरी रिकाम्या घरात, फरशीवर वर्तमानपत्र पसरून खाल्ला जायचा. संध्याकाळी वर्णन करायची जबाबदारी नवऱ्याची. एरवी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो तळ्यातल्या बदकांबद्दल पाच-पाच मिनिटं बोलायचा. एकदा टेकडी चढून आल्याचं सांगायचं होतं, तर या गृहस्थाने घराच्या कोपऱ्यावर थांबून बुटांना माती फासून घेतली. ती बघत राहिली. एवढी मेहनत आईला खरं सांगायला घेतली असती तर?

आज धरणावर जायचं 'ठरलं' होतं. ओल असलेलं घर सोडून दोघं दलालाने दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावर गेली. तिसरा मजला. मालकीणबाई वयस्कर, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कुलूप काढलं, "बघा निवांत," म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या.

एक खोली, स्वयंपाकघर, चिंचोळी गॅलरी. काही राजवाडा नव्हता. पण खोलीत शिरून तिने दार ढकललं आणि ते टक्कन लागलं. तिने उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा टक्क. मग कडी सरकवून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एकटीच मोठ्यांदा हसली. अगदी गडगडून. घसा मोकळा होईपर्यंत.

"काय झालं हो?" गॅलरीतून मालकीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, मावशी! खोली बघतेय!"

बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलंही नाही. नवरा नळ तपासत होता. तिने श्वास रोखून धरला. पाण्याला जोर होता. टाकी स्वच्छ होती. मोरीचा उतार बरोबर होता. भिंती ठोकून ठोकून त्याच्या बोटांची पेरं लाल झाली, पण एक डाग सापडेना. त्याचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"मग?" तिने विचारलं.

"आधी जेवून घेऊ," तो म्हणाला.

ओट्याजवळ तिने रुमालाने फरशी पुसली. सिंकच्या खालचा कोपरासुद्धा पुसला, कारण पिशवी तिथे ठेवायची होती. रुमाल धुळीने माखला, पण कोरडाच राहिला. दोघांनी डबा खाल्ला. ती आनंदाच्या भरात बोलत सुटली. पलंग इथे, आरसा तिथे, गॅलरीत दोन खुर्च्या. तो हं-हं करत अंडं सोलत होता. जेवण झाल्यावर ती गॅलरीत मालकीणबाईंशी बोलायला गेली. त्यांनी सांगितलं, सहा वाजता आणखी एक कुटुंब येणार आहे. तुम्हाला हवं असेल तर त्याआधी कळवा, मी त्यांना नको म्हणेन. तुम्ही मला बऱ्या वाटता. ती हरखून आत आली.

नवरा सिंकखाली होता.

"ठिबकतंय," तो म्हणाला.

ती खाली वाकली. पाइपाच्या जोडाखाली, तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, पाण्याचं एवढंसं थारोळं होतं. बघता बघता आणखी एक थेंब पडला. नवऱ्याच्या मुठीत पाना होता आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

हा माणूस दुसऱ्याच्या घरात गळका नळ दिसला तर पाहुणा म्हणून गेला असतानाही बाह्या सारायचा. लग्नाच्या जेवणावळीत हात धुताना याने हॉलच्या नळाचा वायसर बदलला होता. त्याने धड असलेला जोड सैल केला होता.

"घट्ट कर," ती म्हणाली.

"काय?"

"जे सैल केलंस ते."

"अगं, हा जोड आधीपासूनच—"

"मी आत्ता पुसलीय ती जागा! या रुमालाने! हा बघ, हा बघ रुमाल!" तिने रुमाल त्याच्या अंगावर फेकला. ती ओरडत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण आवाजात. "इतके रविवार! इतक्या घरांत मी उकिडवी बसून बटाटे खाल्ले! आणि तू ओल शोधत होतास? घर नको होतं तर नको म्हणायचं होतंस. तोंड दिलंय ना देवाने? का तेही मीच उघडायचं, दवाखान्यात नेऊन?"

गॅलरीत मालकीणबाईंनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

तो जमिनीवर बसून राहिला. मग सिंकखाली जाऊन त्याने पाना फिरवला. थेंब थांबला. तिथूनच, पाठमोरा असताना, तो बोलला.

"आई एकटी पडेल गं. बाबा गेल्यापासून तिने माझ्याकडे बघून दिवस काढले. आता मी म्हणू, चाललो? काय वाटेल तिला?"

"मग हे मला सांगायचं ना! मी काय राक्षसीण आहे? त्यांनाही घेऊन येऊ म्हटलं असतं. जवळपास शोधू म्हटलं असतं. काहीतरी म्हटलं असतं! त्यांना विचारलंस तू?"

"नाही."

"एकदा तरी?"

"नाही."

ती उठली. डबा बंद केला, वर्तमानपत्राची घडी केली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खालचा आवाज ऐकून नवरा जास्त घाबरला. "ऐक. सहाच्या आत आईंना सांगायचं. नाहीतर हे घर मी घेते. मी एकटी राहीन इथं. तू येत जा दर रविवारी. सहलीला."

ती हे चिडून म्हणाली होती, पण बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खरंच तसं करू. तिला स्वतःचीच भीती वाटली.

दोघं घरी पोचली. सासूबाई खोलीत पाळणाघरातल्या पोरांच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"आलात? कसं होतं धरण?"

"छान," नवरा म्हणाला. "वारा होता खूप."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. घड्याळात पाच वाजून गेले होते.

"पाणी भरलंय का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, बऱ्यापैकी. माणसंही होती."

"असं?" सासूबाईंनी एक दुपटं झटकलं. "धरणाचा रस्ता खचलाय म्हणे. गाड्या सोडत नाहीत तिकडे. आमच्या एका पोराचा बाप त्याच कामावर आहे."

नवऱ्याचं तोंड उघडलं. दवाखान्यात तिने हजार तोंडं पाहिली होती. कोण आता मिटून घेणार आणि कोण आता बोलणार, हे तिला ओठांवरून कळायचं. त्या उघड्या तोंडात नवी थाप तयार होताना तिने पाहिली. आता हा म्हणणार, मागच्या रस्त्याने गेलो. तिने डोळे मिटून घेतले.

"आई, आम्ही धरणावर नव्हतो गेलो," तो म्हणाला. "कधीच कुठे गेलो नाही. घर बघत होतो. वेगळं घर."

तिने डोळे उघडले. सासूबाईंचे हात थांबले होते. नवरा भडाभडा बोलत होता: ही चांगलीच आहे, भांडण कसलंच नाही, घर फार लांबही नाही, तू पण चल, तुला नको असेल तर आम्ही जात नाही, तू म्हणशील तसं. सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हातातल्या दुपट्याची घडी पुरी केली.

"ऊन येतं का घरात?"

"येतं, आई," तीच पुढे होऊन म्हणाली. "आणि तुम्हीसुद्धा खरंच—"

"नको गं. मला इथून पाळणाघर जवळ पडतं." सासूबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. "येत जा रविवारी. मीच डबा घेऊन येत जाईन हवं तर." मग त्या मुलाकडे वळल्या. "पलंग नेणार आहात?"

"पलंग?" तो गोंधळला. "नाही. तो तुझाच आहे ना. राहू दे इथेच."

"म्हणजे खोली रिकामी होईल."

"हो. पण आई, तू एकटी—"

"मग आज जरा पडून बघू का?" त्या म्हणाल्या. "अजून उजेड आहे. थोडा वेळ."

त्यांनी फार संकोचाने विचारलं. तिने पटकन पलंगावरचे आपले कपडे उचलले, चादर सारखी केली. सासूबाई आडव्या झाल्या, कुशीवर वळल्या, पुन्हा उताण्या झाल्या. त्यांनी हळूहळू पाय लांब केले आणि एक दीर्घ श्वास सोडला. काही मिनिटांतच त्या घोरू लागल्या.

नवऱ्याने मालकीणबाईंना फोन लावून हलक्या आवाजात "घेतो" म्हणून सांगितलं. सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून दोघं स्वयंपाकघरात गेली. ओटा आणि कपाटाच्या मधे सासूबाईंची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिने ती पसरली आणि दोघं तिच्यावर बसली. तिला वाटलं होतं, आता आनंद होईल. आनंद झालाही होता, पण बोलावंसं वाटत नव्हतं.

नवरा उशीला डोकं टेकून आडवा झाला. त्याने पाय लांब करून पाहिले. गुडघे अजून वाकलेलेच होते आणि पावलं कपाटाला टेकली होती. तो तसाच पडून राहिला.