लसीच्या फ्रिजची पुस्तिका

मी लसीच्या फ्रिजची माहितीपुस्तिका बोलतेय. नाक मुरडू नका. असली पुस्तकं कोण वाचतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मला वाचणारी होती.

फ्रिजच्याच खोक्यातून मी धडगावच्या पुढे, डोंगरातल्या एका दवाखान्यात आले. तिथल्या नर्स चेतनाताई मूळच्या नंदुरबारजवळच्या कोरीटच्या, घरची बोली अहिराणी. मोबाईलला रेंज हवी तर त्यांना टेकडी चढावी लागे. म्हणून फ्रिजच्या पडद्यावर बिघाडाचा कसलाही आकडा आला, की त्या आधी मला उघडत. "हाई पुस्तक शे म्हनीसन मन्हं काम चाली ऱ्हायनं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मनातून फुगायचे, खोटं कशाला बोलू!

पोळ्यानंतर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. त्यानं फ्रिजमध्ये नवं सॉफ्टवेअर भरलं, दारावर स्कॅन करायचा चौकोन चिकटवला.

"नवं पुस्तक?" ताईंनी विचारलं.

"पुस्तकं बंद झाली, मॅडम. सगळं ऑनलाइन. कायम ताजं."

"इथे रेंज नाही हो, भाऊ."

तो हसला आणि जीप सुटेल म्हणून पळाला. आकड्यांचे अर्थ बदललेत, हे त्यानं ताईंना सांगितलं नाही. मला तर कोण सांगणार?

दिवाळीनंतर, ऊसतोडीला गुजरातकडे निघालेल्यांच्या लेकरांना गोवराची लस द्यायची होती. आदल्या सकाळी पडद्यावर चार आला. माझं अकरावं पान म्हणालं, वीज कमी येतेय, सोलर प्लेट पुसा, दिवसभर थांबा, दार उघडू नका. ताई बिचाऱ्या शिडी लावून छतावर चढल्या, प्लेट पुसली, थांबल्या. ताईंनी टेकडीवर जाऊन वाचलं ते फार नंतर: नव्या सॉफ्टवेअरमध्ये चारचा अर्थ होता, थंडावा बंद, लसी लगेच हलवा.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आत उकाडा. कुप्यांवर लस खराब झाल्याची खूण उमटलेली.

भुरीबाई नातीला, रिनाला, पाठीशी बांधून चार तास चालत आली होती.

"सुई नाय, बाई?"

"उद्या धडगावहून आणते. एक दिवस थांब ना!"

"जीप आज जाते. मुकादम थांबत नाय."

ती गेली. होळीला सगळे परतले, रिना नाही. ऊसतोडीच्या तळावर गोवर आला आणि त्यात ती गेली.

 ताई मला मांडीवर घेऊन रडल्या. "तुन्हावर भरोसा व्हता मन्हा," एवढंच म्हणाल्या. 

आता ताई रोज टेकडीवर जाऊन ऑनलाइनची माहिती वहीत उतरवून आणतात. मी रद्दीच्या गठ्ठ्यात आहे. तेच बरं, माझी लायकी तीच. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, ऑनलाइन ठेवा, खुशाल ठेवा. फक्त आकड्यांचे अर्थ बदललेत, तर तुमच्या माणसासोबत एक छापील पान पाठवा हो. एकच पान लागलं असतं. गोवराची सुई नऊ महिने भरले की देतात, आणि रिनाला तेव्हा दहावा महिना लागला होता.