पानाच्या शिक्क्याचे ओंडके

बायजाचा राग रोज तिच्या आधी उठायचा. नवरा पोपट आठ महिने ठाण्याच्या तुरुंगात होता, आणि ज्या कप्तान साहेबानं त्याला तिथं धाडलं, त्याचा घोडा रोज सकाळी तिच्याच दारावरून ऐटीत जायचा.

साहेब मूळचा कॅनडाचा. तिकडं त्याचा लाकडाचा व्यापार होता, शिवाय हौशी पलटणीतली कप्तानकी. कर्जतला वखार घातली तेव्हा दोन्ही खोडी सोबत घेऊन आला. मजुरांना रोज रांगेत उभं करायचा, खांद्यावर काठ्या देऊन कवायत घ्यायचा. पोपटला त्यानं हवालदार केलं. हुकमावर उलट बोलायचं नाही, हा पहिला धडा. पोपटनं तो असा गिरवला की घरातसुद्धा टाचा जुळवून उभा राहायचा. बायजाला तेव्हाच त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला होता.

श्रावणात साहेबानं कोंडिवड्याच्या रानातले साठ ओंडके पुरात सोडायला सांगितले. त्याच्या मुलखात लाकूड असंच नदीनं येतं म्हणे. पण हे लाकूड होतं ओल्या ऐनाचं. तो दगडासारखा तळाला जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर आपली माणसं त्याला सुके बांबू बांधून मगच पाण्यात सोडतात. लाकूडतोड्याच्या पोटी जन्मलेल्या पोपटला हे कळत नव्हतं थोडंच! तरी त्यानं सलाम ठोकला आणि ओंडके लोटले.

कर्जतला एकही पोचला नाही. साहेबानं चोरीचा आळ पोपटवर घातला. पोपटचा बाप आबाजी ठाण्याच्या कोर्टात हात जोडून सांगत होता, लाकूड बुडालं असेल. मॅजिस्ट्रेटनं साहेबाला विचारलं. तीस वर्षं याच धंद्यात काढलेला साहेब शपथेवर म्हणाला, लाकूड तरंगतं. झालं, पोपटला वर्षाची सजा.

वैशाखात नदीतला कोंडिवड्याखालचा डोह आटला. तळाच्या चिखलात ओंडके पडलेले, आणि प्रत्येकाच्या बुडख्यावर साहेबाच्या वखारीचा, कुठल्याशा परक्या झाडाच्या पानाचा शिक्का. साहेब धावत आला आणि खूश झाला. पावसाच्या आत सगळे बाहेर काढा म्हणाला. पोपटचं नावही त्याच्या तोंडून निघालं नाही. बायजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या संध्याकाळी ती घरोघर फिरली.

सकाळी मजूर काठावर रांगेत उभे राहिले. साहेबानं हुकूम दिला. कुणी हललं नाही. बायजा पुढं झाली.

"आदी ठाण्याला जा, सायेब. ऐन बुडतो, असं त्याच कोर्टात सांगा. मंग ओंडके निघतील."

साहेब ओरडला, पाय आपटले. माणसं त्यानंच शिकवल्यासारखी ताठ, नाकासमोर बघत उभी. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी घाटावर ढग दिसले, आणि साहेबानं मुकाट्यानं ठाण्याची गाडी धरली.

ज्येष्ठात पोपट सुटला. बायजा त्याला आणायला स्टेशनात गेली, तर साहेब तिथंच मालगाडीत ओंडके चढवून घेत होता. त्याला पाहताच पोपटच्या टाचा जुळल्या, हात कपाळाकडे गेला.

बायजानं मनगट मधेच धरलं आणि खाली ओढलं.

"हात खाली घ्या. आन जे तवा बोलायचं व्हतं, ते आता बोला."

पोपटच्या जुळलेल्या टाचा सुटल्या.

"ओला ऐन बुडतो, सायेब," तो म्हणाला. "मला ठाव व्हतं."