आईचा झगा

आईचं डोकं झग्याच्या गळ्यातून बाहेर येईना. आरशासमोर उभी राहून ती आतल्या आत चाचपडत होती. बाहेर पांढऱ्या केसांचा एक झुपका तेवढा दिसत होता आणि आतून हसू ऐकू येत होतं. छोटी पुढे झाली, पण तिच्याआधी वहिनीचा हात पोचला. वहिनीने गळ्याजवळचं बटण उघडून कापड हलकेच मागे ओढलं, तसा आईचा लालबुंद चेहरा वर आला.

"बुजगावणं दिसतेय मी," आई आरशात बघत म्हणाली.

"छान दिसताय, आई. आता बाह्यांतून दोन्ही हात आत ओढून घ्या बघू."

आईने हात आत घेतले. झग्याच्या पोटात तिची कोपरं इकडून तिकडे फिरली.

"पुरतेय ना जागा? ओला पोशाख काढून कोरडे कपडे यातच चढवायचे आहेत. तळ्यावर आडोसा नाही कुठे."

"पुरतेय की. आत संसार मांडता येईल."

दोघी हसल्या. छोटीने पुढे केलेला हात तसाच वळवला आणि ती दांडीवरचे झगे एकामागून एक सरकवू लागली.

छोटी ही आता काही छोटी राहिली नव्हती. चाळिशी कधीच ओलांडली होती, कानशिलांवर पांढरं दिसू लागलं होतं. पण माहेरच्या शेंडेफळाला चिकटलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. एक वहिनी तेवढी तिला ताई म्हणे. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत छोटीची नोकरी होती. माणसाच्या उरलेल्या दातांशी नव्या दाताचा रंग जुळवायचा, हे तिचं काम. आज ती अर्धी रजा टाकून या दुकानात आली होती, आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी सहज फोन केला तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, घाईत आहे. आम्ही दुपारी पोहण्याच्या सामानाच्या दुकानात चाललोय, झगा आणायला." तो 'आम्ही' छोटीच्या कानात सकाळभर राहिला. जेवणाच्या सुट्टीत तिने हातातली कवळी तशीच ठेवली आणि निघाली.

वहिनीचं आणि तिचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला वहिनी जागाच ठेवत नसे. दादाने उशिरा लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली होती, वडील गेल्याला चार. वडील गेल्यावर आई दादाकडे राहायला गेली आणि पहिले काही महिने नुसती खिडकीशी बसून असायची. मग गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. छोटी हसली होती तेव्हा. आई आणि पाणी? शाळेची सगळी मुलं तलावावर पोहायला शिकायला जात, तेव्हा त्याच वारी छोटीला घरी ठेवून घेणारी ही आई. ताप नसताना ताप आहे म्हणून सांगणारी. छोटी रडरड रडली होती, उपाशी राहिली होती, पण आई बधली नाही. पाण्याशी खेळ नको, एवढंच तिचं म्हणणं. छोटी आजही पाण्यात गुडघ्यापलीकडे जात नसे.

आणि मग एके दिवशी दादाने फोनवर फोटो पाठवला. गावाबाहेरच्या तळ्यात आई गळ्यापर्यंत उभी, डोक्यावर रबरी टोपी, तोंड उघडून हसतेय, आणि तिच्या हनुवटीखाली वहिनीचा तळवा. छोटीने तो फोटो मोठा करून करून पाहिला. वडील गेल्यापासून आईला असं हसताना तिने पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण पोटात दुखलं. तिने लेकीला, नवऱ्याला, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना फोटो दाखवला, कौतुकाने बोलली, आणि रात्री भांडी घासताना एकटीच पुटपुटली, कानामागून आली आणि तिखट झाली.

"आई, हा बघ," छोटी म्हणाली.

तिने दांडीवरून एक झगा काढला होता. डाळिंबी रंगाचा, आतून मऊ लोकरीचं अस्तर, समोर वरपासून खालपर्यंत चेन. आईच्या गव्हाळ रंगाला तो किती खुलेल हे तिला दुरूनच कळलं होतं. वहिनीने निवडलेला निळा झगा त्यापुढे गोधडीसारखा दिसत होता.

"अगंबाई, काय सुरेख रंग आहे," आई म्हणाली.

"माझ्याकडून तुला."

वहिनीने अस्तराला हात लावून पाहिला. "उबदार आहे. फक्त ही चेन आहे ना, ताई... बाहेर आल्यावर बोटं बधिर होतात. डोक्यातून घालायचा असला की बरं पडतं."

"आईची बोटं मला माहीत आहेत, वहिनी."

तिने ठरवलं होतं त्याहून ते जरा जोरात गेलं. पलीकडे चपला मांडणाऱ्या विक्रेत्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आईने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि मग निळ्या झग्यातून बाहेर येत म्हणाली, "हाच घेऊ. रंग छान आहे."

"हो, रंग खरंच छान आहे," वहिनी लगेच म्हणाली. तिने निळा झगा झटकला, बटण लावलं, खांदे सरळ केले आणि जागेवर नेऊन अडकवला.

छोटी जिंकली होती. पण वहिनी जराशी अडून बसली असती, निदान एकदा तिचं तोंड वाकडं झालं असतं, तर त्या जिंकण्याला काही चव आली असती.

"रविवारी मीपण येते तळ्यावर," पैसे देताना ती म्हणाली. "बघू तरी, आमची आई पोहते कशी."

'आमची' वर तिने जोर दिला. वहिनीने मान हलवली. "या ना. मी घ्यायला येते तुम्हाला."

रविवारी तळ्यावर धुकं उतरलं होतं. काठाला गवत आणि बारीक खडी, पाण्यात उतरायला चार दगड. सात-आठ माणसं आधीच जमली होती, बहुतेक आईच्या वयाची, आणि ती सगळी आईला ओळखत होती. एक टकले गृहस्थ लांबूनच म्हणाले, "आज उशीर केलात." आईने त्यांना हात केला. आईचं हे जग छोटीला ठाऊक नव्हतं. ती डाळिंबी झगा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. वहिनीचा स्वतःचा झगा विटून गेलेला होता, त्याची एक बाही उसवलेली. वसतिगृहात शिकत असल्यापासून वापरतेय, असं ती मागे कधी बोलली होती. सात वर्षांची असल्यापासून वहिनी वसतिगृहातच वाढलेली.

आई दगडावर बसून टोपीत केस कोंबत होती. छोटी तिच्याशेजारी वाकली.

"मला का नाही पाठवलंस तेव्हा पोहायला?"

आईचे हात थांबले नाहीत. "कधी?"

"शाळेत. तुला चांगलं आठवतंय."

"बुडाली असतीस म्हणजे?"

"आणि आता तू बुडालीस तर?"

"मी बुडाले तर बुडाले," आई म्हणाली. "तो कान घाल बघू आत, राहिलाय."

छोटीने बोटाने आईचा कान टोपीखाली सरकवला. मग वहिनी आली, आणि आई तिचा हात धरून दगडांवरून खाली उतरली. वहिनी पाठमोरी मागे मागे जात होती, आईचे दोन्ही हात तिच्या हातांत. पाणी कमरेला लागलं तशी आईने 'हुश्श' केलं. वहिनी काहीतरी बोलली, आई हसली. काय बोलली ते छोटीला काठावर ऐकू आलं नाही. आपण लहान असताना आईने आपले हात असेच धरून चालायला शिकवलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

पुन्हा पाहिलं तेव्हा वहिनीने हात सोडले होते. आई एकटी होती. तोंड पाण्यात घालत, वर काढत, फुर्र फुर्र करत ती तळ्याच्या मधल्या भागाकडे चालली होती. वहिनी हातभर अंतर ठेवून सोबत होती, पण शिवत नव्हती. आई लांब गेली. टोपीचा ठिपका झाला. मग धुक्यात तो ठिपकाही दिसेना. कुणी काही बोलतंय का, कुणी घाबरलंय का, म्हणून छोटीने आजूबाजूला पाहिलं. टकले गृहस्थ निवांत पाय पुसत होते.

ठिपका परत दिसू लागला. हळूहळू त्याला चेहरा आला. आई दगडांपर्यंत पोचली आणि वहिनीने तिला वर घेतलं. आईचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. छोटीने धावत जाऊन झगा तिच्या अंगावर टाकला, हनुवटीपर्यंत गुंडाळला आणि खाली वाकून चेन जोडायला लागली. चेन जुळेना. एकदा निसटली, दोनदा निसटली. शेवटी जुळली, आणि तिने ती एका दमात वर ओढली.

"अगं, हात!" आई ओरडली. "हात आत घेऊ देशील की नाही? पोत्यात भरतेयस का मला? बाह्या बघ, बाह्या. आधी बाह्यांत हात, मग चेन. एवढं कळत नाही? आणि हे काय? हे काय आहे?"

छोटीने खाली पाहिलं. ती घोट्यांच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती, बुटांसकट. पाण्यात कधी शिरली ते तिला आठवेना.

"बूट घालून पाण्यात? अक्कल कुठे गहाण ठेवलीस? आता ओल्या पायांनी बसशील, मग शिंकत बसशील, आणि मग मला फोन करशील, आई, घसा दुखतोय. लहानपणापासून एक काम धड नाही. हो बाहेर आधी. मोजे काढ."

काठावरची सगळी माणसं बघत होती. या वयात, चारचौघांत. छोटीचे कान तापले. तिने निमूट बाहेर येऊन बुटांची नाडी सोडली. आई अर्धी झग्यात अडकलेली, दात वाजवत, तिच्या डोक्यावर उभी राहून बोलतच होती.

वहिनी पुढे आली. तिने चेन खाली घेतली, आईचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा. चेनीचं टोक तिच्या ओल्या बोटांतून सुटून आईच्या गळ्याला लागलं. जरासा ओरखडा उठला.

"सॉरी, सॉरी, आई."

"काही नाही गं बाळ," आई म्हणाली. आवाज एकदम बदलला होता. मऊ, जपून. "तू कशाला त्रास घेतेस? तू आधी स्वतःचं आवर. गारठलीस की."

"त्रास कसला."

"नको नको, तू जा. माझं ही बघेल."

वहिनीने हात काढून घेतले. छोटी एका पायावर, हातात पिळलेला मोजा घेऊन उभी होती. तिला आधी बरं वाटलं, अगदी मनापासून. मग तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी आपल्या विटक्या झग्याकडे जाता जाता थांबली होती. केसांतून पाणी मानेवर गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ती आईकडे बघत नव्हती. छोटीच्या हातातल्या मोज्याकडे बघत होती. ती नजर छोटीच्या चांगलीच ओळखीची होती. महिनोन् महिने तिने स्वतःच तसं बघितलं होतं, त्या फोटोकडे.

परतताना आई मागच्या सीटवर झगा पांघरून आडवी झाली आणि तिला लगेच डोळा लागला. वहिनी गाडी चालवत होती. छोटी तिच्या बाजूला, अनवाणी.

सिग्नलला गाडी थांबल्यावर वहिनी म्हणाली, "किती बोलल्या तुम्हाला."

"आमच्यात आहेच ते. मी नाही मनावर घेत."

"नाही, मी तसं नाही म्हणत." वहिनी समोरच्या दिव्याकडे बघत होती. "मागच्या वर्षी गाडी मागे घेताना मी त्यांचा चष्मा चाकाखाली घातला. चुराडा झाला. महिनाभर त्यांना धड वाचता आलं नाही. म्हणाल्या, असू दे गं बाळ, जुनाच होता."

छोटी 'किती चांगलं' म्हणणार होती. तेवढ्यात तिला मोज्याकडे बघणारी वहिनीची नजर आठवली. दिवा हिरवा झाला.

"काच लावा गं," मागून आईचा झोपेतला आवाज आला. "वारं लागतंय."

उघडी होती ती वहिनीच्या बाजूची काच. तिचं बोट लगेच बटणाकडे गेलं.

"नका लावू," छोटी हळूच म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. छोटी समोर रस्त्याकडे बघत होती. वहिनीचं बोट बटणावर तसंच राहिलं. गार वारं गाडीभर फिरलं.

"ऐकू येत नाही का?" आई उठून बसली होती. "मगाशीच सांगितलं ना काच लावा म्हणून? बहिऱ्या झालात का गं दोघी?"

त्यातला 'दोघी' छोटीला जरासा टोचला. वहिनीने काच वर घ्यायला सुरुवात केली, पण अगदी सावकाश.