नव्या पुस्तकांची फळी

"नोर्माबाई, ही नऊ पुस्तकं इथून हलवा. वर, इतिहासात."

देविस मोंतानारी दारातूनच बोलला. संस्कृती खात्याचा नवा नगरसेवक. लहानपणी याच वाचनालयातली चित्रांची पुस्तकं फाडून परत आणायचा.

"कादंबऱ्या इतिहासात कशाला?"

"साठ वर्षांपूर्वीपासूनच्या कादंबऱ्या नव्या पुस्तकांत? त्याही सगळ्या फॅसिस्टांवरच्या! ते संपलंय, बाई."

"वाचल्यास का?"

"वेळ कुणाला आहे?"

"मग ऐक. पहिल्या कादंबरीत तो फॅसिस्ट काळा शर्ट घालून येतो. दुसरीत बाप होऊन जेवायला बसतो, घरात कुणी ब्र काढत नाही. तिसरीत हेडमास्तर. गेल्या वर्षीच्या कादंबरीत तर गोड हसून हात मिळवतो. आपले लेखक खुळे नाहीत रे. तो परत येतो म्हणून त्यांना परत लिहावं लागतं. दर वेळी नवा येतो, म्हणून नव्यात ठेवलाय."

हीटरला पाठ लावून बसलेला म्हातारा गवंडी एल्व्हिओ खिदळला. "देविस, तूही गोडच हसतोस की!"

देविस लाल झाला. "हलवताय की नाही?"

"लेखी दे. कारणासकट."

कारण त्याने लिहिलं नाही. बदली लिहिली. चौतीस वर्षं वाचनालय सांभाळलेल्या, निवृत्तीला चार महिने उरलेल्या बाईला सोमवारपासून दफनभूमीचं कार्यालय. यांची अक्कल एवढीच. पुस्तकाला उत्तर नसलं की माणूस हलवायचा.

पण शनिवारपर्यंत वाचनालय तिचं होतं. तिने वाचक मंडळाला फोन लावले. शनिवारी नऊ म्हातारे-म्हाताऱ्या रांगेत उभ्या. वाचकाच्या घरी गेलेलं पुस्तक कुणाच्या बापाला हलवता येत नाही. शेवटचं एल्व्हिओने नेलं. जन्मात कादंबरी न उघडलेला माणूस.

सोमवारी देविसला फळी रिकामी सापडली.

गुरुवारी एल्व्हिओ दफनभूमीच्या खिडकीशी आला.

"कोण गेलं?" नोर्माने वही ओढली.

"कुणी नाही." त्याने कोटातून पुस्तक काढलं. "यात एक गवंडी आहे. समोर फॅसिस्ट एकाला बडवतात, हा भिंत बांधत राहतो. वर बघत नाही." तो थांबला. "त्र्याहत्तर साली, स्टेशनमागे त्यांनी असंच एका पोराला बडवलं. मीही वर बघितलं नव्हतं, बाई. पोरगा पुढे मेला."

नोर्माने वही मिटली.

"मुदत वाढवून द्या. त्याची बहीण अजून आहे. तिला मोठ्याने वाचून दाखवायचंय."

मुदत वाढवायचा अधिकार आता नोर्माला नव्हता. तिने पुस्तक उघडलं, पहिल्या पानावर परतीची नवी तारीख घातली आणि दफनभूमीचा शिक्का दाबून मारला.